गाडी हवा धरते, आणि आपण सेन्सर बदलत बसतो



आज उसावर नाही, कांद्यावरही नाही. आज गाडीवर लिहितोय, आणि जरा रागात लिहितोय. तेरा हजार आठशे रुपये गेले त्याचा राग आहेच. पण त्याहून जास्त राग आहे तो न्हावरे फाट्याजवळच्या एका संध्याकाळचा. ते पुढं सांगतो.

आमच्याकडं २०१४ सालची एक पेट्रोल एसयूव्ही आहे. पुण्यातल्या एका नोकरदाराकडून सेकंडहँड घेतलेली. शिरूरहून न्हावरे, तिथून चौफुला, पाटस आणि दौंड हा आमचा नेहमीचा रस्ता, कारण लेक दौंडला दिलीय. दिवाळी झाली आणि मीटरवर तो पिवळा इंजिनाचा दिवा लागला. गाडी उभी केली की थरथरायची, आरपीएम वर-खाली व्हायचा, अ‍ॅव्हरेज पडलं. पळताना मात्र काही तक्रार नाही.

पहिल्या गॅरेजात गेलो. पोरानं स्कॅनर लावला आणि दोन मिनिटांत निकाल दिला. "काका, कोड पी०१७१. सिस्टीम टू लीन. ऑक्सिजन सेन्सर गेला." साडेचार हजार. दिवा पुसला, गाडी हातात. पाच दिवसांनी दिवा हजर.

दुसरं गॅरेज. "सेन्सर कशाला बदलला, पेट्रोलचा पंप प्रेशर देत नाही." प्रेशर मोजलं का? नाही. पंप बदलला, पाच हजार सहाशे. आठवड्यात दिवा परत.

तिसरं गॅरेज. इंजेक्टर धुतले, प्लग बदलले, एकोणीसशे. आणि वर हसत हसत एक वाक्य, "काका, हे तुमच्याच उसाचं इथेनॉल नडतंय बघा."

दरम्यान ब्रेक जड लागायला लागला. तो वेगळ्याच मिस्त्रीला दाखवला. त्यानं पॅड बदलले, अठराशे. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की काका, दिवा कधीपासून आणि ब्रेक कधीपासून. आणि खरं सांगतो, मलाही सांगावंसं वाटलं नाही. दिव्याचं एकाला सांगितलं, ब्रेकचं दुसऱ्याला.

जानेवारीत संध्याकाळी दौंडहून येत होतो. न्हावरे फाट्याच्या अलीकडं पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या, मागं ना रिफ्लेक्टर ना लाल फडकं. ब्रेक दाबला तर पेडल दगडासारखं. सीटवरून उठून दोन्ही पायांनी दाबलं. गाडी थांबली तेव्हा ट्रॉलीतून बाहेर आलेली उसाची टिपरी काचेपासून हातभर लांब होती. मागच्या सीटवर नातू झोपला होता. त्याला जागही आली नाही. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही.

आता निदान कसं लागलं ते सांगतो. भाच्याचं आयटीआय झालंय, रांजणगावात नोकरीला आहे. त्यानं पाचसातशे रुपयांचं एक ब्लूटूथचं यंत्र आणलं, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावलं आणि मोबाइलवर आकडे उघडले. कोड त्यानं नुसता बघितला आणि बाजूला ठेवला. मला म्हणाला, "मामा, कोड म्हणजे फिर्याद. पंचनामा अजून व्हायचाय."

मंडळी, ही फिर्याद काय आहे ते नीट समजून घ्या. इंजिनाला एक किलो पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. सायलेन्सरच्या सुरुवातीला जो ऑक्सिजन सेन्सर असतो तो जळून आलेल्या धुरात किती ऑक्सिजन उरला ते सांगतो. जास्त उरला की संगणक समजतो, मिश्रण पातळ आहे, आणि पेट्रोल वाढवतो. किती टक्के वाढवलं त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. चालू क्षणाचा एक आकडा, शॉर्ट टर्म. सवयीचा दुसरा, लाँग टर्म. दोन्हींची बेरीज बघायची. वाढवून वाढवून वीस-पंचवीस टक्क्यांच्या पुढं गेलं की संगणक हात टेकतो आणि दिवा लावतो.

म्हणजे पी०१७१ एवढंच म्हणतो, "हवा जास्त किंवा पेट्रोल कमी, माझ्यानं भागत नाही." सेन्सर खराब आहे असं तो म्हणत नाही. डेअरीत यंत्रानं फॅट कमी दाखवली, तर यंत्र फोडायचं की दुधात पाणी कुठून आलं ते बघायचं? आम्ही साडेचार हजार रुपये देऊन खरं बोलणारं यंत्र फेकून दिलं.

भाच्यानं इंजिन गरम केलं आणि दोनच आकडे लिहिले. गाडी नुसती उभी, आयडलला ट्रिम २३ टक्के. अ‍ॅक्सिलेटर धरून २,५०० आरपीएमला ट्रिम ५ टक्के.

इथं माझी ट्यूब पेटली, कारण हे गणित मला दुधावरून येतं. एक तांब्या पाणी दोन लिटर दुधात पडलं तर फॅट धाडकन खाली येते. तोच तांब्या चाळीस लिटरच्या कॅनमध्ये पडला तर कळतही नाही. इंजिन आयडलला थोडीच हवा घेतं, म्हणून भोकातून शिरणारी चोरटी हवा तिथं मोठी दिसते. आरपीएम वाढला की खरी हवा वाढते, चोरटी तेवढीच राहते, टक्का पडतो. आयडलला जास्त आणि पळताना कमी, म्हणजे कुठंतरी हवा शिरतेय. उलटं असतं, पळताना आणि चढाला ट्रिम वाढत गेला असता, तर पेट्रोल अपुरं पडतंय, मग पंपाकडं आणि फिल्टरकडं बघायचं. दोन्हीकडं सारखाच जास्त असता तर हवा मोजणारा सेन्सर मळलाय का आणि पेट्रोलचं प्रेशर किती, ते बघायचं. हे दोन आकडे दहा मिनिटांत मिळतात. तीन गॅरेजात मिळून कुणी बघितले नाहीत.

मी भाच्याला म्हणालो, अरे हे तर आपल्या विहिरीवरच्या मोटारीसारखं झालं. सक्शनला हवा धरते.

प्रत्येक शेतकऱ्याला हे माहीत आहे. डिलिव्हरीचा पाइप फुटला तर पाणी उडतं, लांबून दिसतं. सक्शनचा जॉइंट सैल झाला तर एक थेंब बाहेर येत नाही, कारण तिथं पाणी बाहेर ढकललं जात नाही, हवा आत ओढली जाते. बाहेरून सगळं कोरडं आणि मोटार मात्र पाणी सोडते. मग आपण मोटार बदलतो का? जॉइंटला शेण लिंपतो, ओली चिंधी गुंडाळतो, वायसर बदलतो, फूटव्हॉल्व्ह बघतो. इंजिनाचा हवेचा मॅनिफोल्ड म्हणजे सक्शनच आहे. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, आत ओढ मोठी असते, आणि त्या ओढीवरच ब्रेकचा बूस्टर चालतो. बूस्टरच्या पाइपात एक नॉन रिटर्न व्हॉल्व्हही असतो, आपल्या मोटारीच्या लाइनवर असतो तसाच.

मग आम्ही पाइप शोधले. इंजिन चालू ठेवून एकेक रबरी पाइप फडक्यात धरून पकडीनं हळूच दाबायचा आणि मोबाइलवर ट्रिम बघायचा. क्रँककेसच्या वाफेचा पाइप दाबला, फरक नाही. पेट्रोल टाकीच्या वाफेचा पर्ज व्हॉल्व्हचा पाइप दाबला, फरक नाही. ब्रेक बूस्टरचा जाड पाइप मॅनिफोल्डपाशी दाबला आणि आकडा उतरायला लागला. २३, १५, ८, ४. आरपीएम शांत. पाइप काढला तर पत्र्याच्या पट्टीला घासून खालच्या बाजूनं चिरलेला. वरून बघितलं तर नवाकोरा.

व्हॉल्व्हसकट पाइप सहाशे चाळीस रुपये. इंजिनाचा दिवा आणि जड ब्रेक, दोन्ही एकाच भोकातून आलेले. पाइप बदलल्यावर ट्रिम आयडलला ३, पळताना ४. दिवा पुसून दोन महिने झाले, आलेला नाही.

आता इथेनॉलचं. ऊस पिकवतो म्हणून मी त्याची वकिली करतोय असं समजू नका, हिशेब बघा. इथेनॉलला जाळायला हवा कमी लागते, एक किलोला साधारण ९ किलो. वीस टक्के मिसळलं की मिश्रणाला साडेतेराच्या आसपास लागते. देशात दहा टक्क्यांचं मिश्रण २०२२ मध्ये पूर्ण झालं आणि २०२३ च्या फेब्रुवारीपासून ई-२० पंपावर यायला लागलं. दहावरून वीसवर गेलं तर ट्रिम चारेक टक्के वाढेल. अगदी शुद्ध पेट्रोलवरून धरलं तरी नऊच्या आसपास. आणि ती वाढ आयडलला तशीच पळताना, कारण टाकीतलं पेट्रोल दोन्हीकडं तेच. आयडलला २३ आणि पळताना ५ हा इथेनॉलचा ठसा नव्हे. जुन्या गाडीत पेट्रोल वाहणाऱ्या रबरावर आणि सीलवर ई-२० चा त्रास होऊ शकतो, ही शंका मी खोटी ठरवत नाही. पण बूस्टरच्या पाइपात पेट्रोल वाहतच नाही. ज्याला आकडा बघायचा नसतो त्याला इथेनॉल बरं सापडलंय. पूर्वी सगळ्याला भेसळीचं पेट्रोल होतं, आता इथेनॉल.

आता माझा खरा मुद्दा. कोड बघून पार्ट बदलणं ही दुरुस्ती नाही, तो जुगार आहे, आणि डाव लावायला पैसे आपले. स्कॅनर आल्यापासून मिस्त्रीचा कान आणि हात बंद पडले. जुना फिटर बॉनेट उघडून पहिल्यांदा ऐकायचा. बूस्टरचा पाइप चिरला तर डॅशबोर्डच्या खालून 'सूंऽऽ' आवाज येतो, तो माझ्या बायकोला ऐकू यायचा. ती म्हणायची, "अहो, काहीतरी फुसफुसतंय." मी म्हणायचो एसी असेल. तिचं ऐकलं असतं तर पाच पैसे लागले नसते.

गॅरेजवाल्यांची बाजूही मांडतो, कारण ती खोटी नाही. एक जण मला तोंडावर म्हणाला, "काका, तासभर पाइप शोधत बसलो आणि सहाशेचा पाइप बदलला, तर तुम्ही मजुरीचे दोनशे तरी सुखानं देता का? पार्ट बदलला की बिल दिसतं." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आपण पार्टाचे पैसे देतो, डोक्याचे देत नाही. डॉक्टरनं गोळी दिली नाही तर आपल्याला फी जड वाटते. म्हणून मी आता गॅरेजात शिरतानाच सांगतो, तपासणीचे पाचशे वेगळे देतो, पण मोजल्याशिवाय काही बदलायचं नाही, आणि काढलेला पार्ट मला द्यायचा. जो "मोजायची गरज नाही, अनुभव आहे" म्हणतो, तिथून गाडी वळवतो. अनुभव असलेला माणूस मोजायला घाबरत नाही.

आणि आपण शेतकऱ्यांनी फार हसू नये. गेल्या वर्षी माझा खोडवा खालच्या टोकाला पिवळा-पांढरा पडला. दुकानात फोटो दाखवला. "केवडा आहे, फेरस आणि झिंक मारा." तीन फवारण्या केल्या. मग कृषीची पदवी घेतलेला ओळखीचा एक तरुण आला. त्यानं पान बघितलंच नाही, आधी टिकाव मागितला. बुडखा उकरला तर मुळ्या काळ्या आणि वास मारणाऱ्या. खालचा चर बुजला होता, पाणी साचत होतं, मुळी गुदमरली होती. जमिनीत लोह होतं, ते घ्यायला मुळी नव्हती. पिवळं पान हाही कोडच आहे. कोवळी पानं शिरांच्या मधून पिवळी की जुनी पानं आधी पिवळी, सगळ्या रानात की एका टोकाला, पाण्याआधी की पाण्यानंतर, हे न विचारता बाटली देणारा दुकानदार आणि न मोजता सेन्सर देणारा गॅरेजवाला, दोघांत फरक काय? आणि न विचारता ती बाटली घेणारा मी कोण?

गटातल्या कृषी सल्लागार मंडळींनाही नम्रपणे एवढंच सांगायचंय. मोबाइलवर आलेल्या फोटोला औषधाचं नाव उत्तर म्हणून देऊ नका. आधी दोन प्रश्न उत्तर म्हणून द्या.

हे सगळं आत्ताच का लिहितोय? कारण हा दिवा आता रानात आलाय. २०२३ च्या जानेवारीपासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ चे नियम लागू झालेत. त्यांच्यात संगणक आणि सेन्सर आले. उद्या ऐन लागणीत ट्रॅक्टरनं कोड टाकला आणि पार्टाचा जुगार सुरू झाला, तर तेरा हजारात भागणार नाही.

ज्यांच्याकडं जुनी पेट्रोल गाडी आहे त्यांनी हे लिहून ठेवा.

१. कोड पुसायच्या आधी तो वाचा आणि त्याच्याबरोबरची फ्रीझ फ्रेम बघा. दिवा लागला तेव्हा आरपीएम किती, इंजिन गरम की थंड, ते त्यात असतं. पुसलं की पुरावा गेला.

२. इंजिन गरम करून आयडलचा आणि २,५०० आरपीएमचा ट्रिम कागदावर लिहा. शॉर्ट आणि लाँग दोन्हींची बेरीज करा.

३. आयडलला जास्त आणि पळताना कमी असेल तर हवा शोधा. एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा घड्या असलेला रबरी पाइप खालून चाचपा, घडीत चीर असते. क्रँककेसचा पाइप, पर्ज व्हॉल्व्ह, बूस्टरचा पाइप, मॅनिफोल्डचं गॅस्केट, इंजेक्टरच्या रिंगा बघा. ऑइलचं झाकण आणि गेजची कांडी नीट बसलीय का तेही बघा. गोठ्याशेजारी गाडी लावणाऱ्यांनी उंदराचे दात शोधा. सीएनजी किट बसवताना मॅनिफोल्डला भोकं पाडून नोझल लावतात, ते सैल झालं तरी हवा शिरते.

४. पाइप दाबताना बाह्या गुंडाळा, पंखा आणि बेल्टपासून हात लांब. म्हातारं रबर जोरात दाबू नका, तिथंच तुटतं.

५. काही जण कार्ब क्लीनरचा फवारा मारून आरपीएम बदलतो का बघतात. तापलेल्या सायलेन्सरवर ते मारणं म्हणजे पाचटाला काडी लावणं. साध्या पाण्याचा बारीक फवारा जॉइंटवर मारा, क्षणभर भोक बुजलं तर आकडा हलतो. वायरच्या कनेक्टरवर पाणी नको. धुराचं यंत्र असलेलं गॅरेज सापडलं तर सगळ्यात उत्तम, धूर जिथून निघेल तिथं भोक.

६. सेन्सरच्या आधी सायलेन्सरला चीर असेल तर बाहेरची हवा तिथंही शिरते आणि सेन्सर खोटंच पातळ दाखवतो. तेही बघा.

७. काही गाड्यांत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर नसतो, मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथं चोरटी हवाही दाबात धरली जाते, म्हणून लीन कोडापेक्षा आयडल चढलेला दिसू शकतो. आपली गाडी कोणत्या जातीची ते आधी विचारा.

८. ब्रेकची तपासणी सगळ्यांनी आजच करा, डिझेलवाल्यांनीही. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, जड होईल. तसंच दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टरला ओढ मिळतेय. गेलं नाही तर गाडी रस्त्यावर काढू नका. डिझेलमध्ये ही ओढ व्हॅक्युम पंपातून येते, बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागं असतो. तिथं ट्रिमची तपासणी लागू नाही, पण पेडलची आहे.

बदललेला जुना ऑक्सिजन सेन्सर मी भांडून परत आणलाय, तो चांगला आहे, खोक्यात ठेवलाय. चिरलेला पाइप मात्र ओट्यावर खिळ्याला टांगलाय. कुणी "काका, कोड आलाय, काय बदलू?" विचारायला आलं, की आधी तो हातात देतो आणि म्हणतो, भोक शोधून दाखव. वरून कुणालाच सापडत नाही. उलटा करावा लागतो.

गाडीचे आकडे असतील तर खाली लिहा. आयडलचा किती, २,५०० ला किती. नुसता कोड लिहू नका.

रामराम.